उपरण्याखालचा कौल

सिद्रामनं "हात वर करून मोकळे होऊ या" म्हटलं आणि चनबसप्पांचं डोकं फिरलं.

"हात वर करायला ही काय पोरांची शाळा हाय?" ते कडाडले. "रेवणप्पा हंजग्यांच्या वास्तूत आजवर एक सौदा हात वर करून झालेला न्हाई. उपरण्याखाली हात द्यायचा. आण रे उपरणं."

उपरणं आणायला कुणी उठलं नाही, कारण ते त्यांच्याच खांद्यावर होतं. निंगव्वा तोंडाला पदर लावून हसली. थोरल्या भावाला हसायची मुभा हंजग्यांच्या घरात तिला एकटीलाच होती, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही ती मनसोक्त वापरायची.

मार्गशीर्षातला रविवार होता. खाली बत्तीसच्या बत्तीस दुकानांना कुलपं होती. हंजगे मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथं पूर्वी वडलांची, रेवणप्पांची गादी होती आणि आता चनबसप्पांची खाट, स्टोव्ह आणि दोरीवर दोन धोतरं होती, तिथं घरातले पाच वाटेकरी जमले होते. धाकटा भाऊ कल्लप्पा. त्याचा मुलगा सिद्राम, ज्याच्या नावे बापानं दोन वर्षांपूर्वी अर्धा वाटा करून दिला होता. वळसंगहून सकाळच्या एसटीनं आलेली बहीण निंगव्वा. आणि दारापाशी, चौकटीच्या आडोशाला, मधल्या भावाची, बसलिंगप्पाची विधवा चंद्रव्वा. पाचवे ते स्वतः. पाचांपैकी तिघं म्हणतील ते करायचं, हे वकिलासमोर आधीच ठरलं होतं.

ठरवायचं होतं ते एवढंच. पुण्याच्या एका कंपनीला ही जागा हवी होती. इमारत नको होती, नुसती जागा. त्रेसष्ट वर्षांची वास्तू दोन महिन्यांत भुईसपाट करून तिथं सिमेंटचं शॉपिंग सेंटर उभं राहणार होतं. सिद्रामनं त्याचा निळा नकाशा मघाशी खाटेवर पसरला होता आणि चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते.

"मोठे काका, आता लोकांना लिफ्ट पाहिजे," सिद्राम समजावणीच्या सुरात म्हणाला. "स्कूटर लावायला जागा पाहिजे. चौपन्न पायऱ्या चढून कोण येतं कापड बघायला? वरच्या मजल्यावरची निम्मी दुकानं रिकामी पडलीत."

"कापड बघायलाच येतात," चनबसप्पा म्हणाले. "कापड हितं दिसतं तसं आख्ख्या पेठेत दिसत न्हाई. तुला कुणी सांगितलंच न्हाई काय, हे छत असं का?"

सिद्रामला हे सतरा वेळा सांगून झालं होतं. तरी चनबसप्पांनी अठराव्यांदा सांगितलं.

अक्कलकोटच्या बाजूनं पाठीवर खणांचं गाठोडं घेऊन आलेला माणूस होता रेवणप्पा. त्या काळी पेठेतलं कापडाचं दुकान म्हणजे खाली ओटा, वर पत्रा. गिऱ्हाईक लुगडं घेऊन बाहेर उन्हात जायचं, रंग पाहून खूश व्हायचं आणि घरी जाऊन बोंबलायचं. उन्हात सगळेच रंग गोड दिसतात. रेवणप्पांनी हे हेरलं. बत्तीस दुकानं एका छपराखाली आणायची, मधे तीन मजले उंच चौक ठेवायचा आणि त्यावर काचेचं छत घालायचं. पण काचा फक्त उत्तरेकडं, म्हणजे ऊन कधी आत येणार नाही, नुसता उजेड येईल. इलाहीबक्ष मिस्त्रीनं आधी डोक्याला हात लावला होता. मग त्यानं खालच्या मजल्याला काळा दगड घातला, वर वीट चढवली, चुन्याच्या घाण्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी ओतून महिनाभर बैल फिरवले. बिडाचे बारा खांब रेल्वेनं मुंबईहून आले. स्टेशनपासून पेठेपर्यंत ते गाड्यांवरून आणायला सहा दिवस लागले, आणि सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतं.

"एक खांब वीतभर आखूड निघाला," कल्लप्पा हळूच म्हणाला. त्यालाही हे पाठ होतं. "इलाहीबक्षनं खाली दगड घातला."

"घातला की. आणि अजून तसाच उभा हाय," चनबसप्पा म्हणाले. धाकट्या भावानं आपणहून तोंड उघडलं याचा त्यांना फार आनंद झाला. "बघ कल्लप्पा, तुला आठवतं. ह्याला नकाशा आठवतो."

"अय्यो, काय इचारता वो आण्णा!" निंगव्वानं लगेच सूर लावला. "आप्पांची वास्तू पाडायची? ह्या चौकात मी लंगडी खेळलेय. अदुगर माजं मडं जाऊ दे, मग काय ती कुदळ घाला." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि खरोखरचं पाणी काढलं.

चनबसप्पांना भरून आलं. त्यांच्या मनातला आडाखा साधा होता. कल्लप्पा बिचारा मुलाच्या मुठीत, तेव्हा तिकडं दोन. इकडं ते स्वतः आणि निंगव्वा, हेही दोन. राहिली चंद्रव्वा. आणि चंद्रव्वाबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बायको गेल्यावर ते या खोलीत राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली होती. कल्लप्पानं रेल्वे लाइन्सला बंगला बांधला, सगळं घर तिकडं गेलं, आणि तेव्हापासून रोज अकराला फकीर टांगेवाला डबा आणून देत होता. भाकरी, शेंगाची चटणी, पातळ भाजी. भाकरी चंद्रव्वाच्या हातची. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. घरात आपल्यासाठी जीव टाकणारं एक तरी माणूस आहे, ही खात्री त्यांनी त्या डब्यावर बांधली होती, आणि एकट्या माणसाला एवढं पुरतं.

भीती एकच होती. चंद्रव्वा सिद्रामच्या घरात राहत होती. त्याच्या देखत ती हात कसा वर करणार? म्हणून उपरणं हवं होतं.

उपरण्याखालचा सौदा ही पेठेची जुनी रीत. घेणारा आणि देणारा कापडाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव बोलतात, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. रेवणप्पांनी ती घरात आणली. भावाभावांत मतभेद झाला की थोरल्यानं प्रत्येकाचा हात उपरण्याखाली घ्यायचा, बोटं मोजायची आणि फक्त निकाल सांगायचा. कोण काय म्हणालं हे त्यानं मरेपर्यंत बोलायचं नाही. घरातल्या बायकांचा हात मात्र या उपरण्याखाली कधीच आला नव्हता. आज कायद्यानं आणला.

"एक बोट म्हंजे ठेवा. दोन म्हंजे विका," चनबसप्पांनी सांगितलं आणि मांडीवर उपरणं पसरलं.

सिद्राम आधी आला. त्याचा हात गार आणि कोरडा होता. दोन बोटं दाबली, सुटला. दुकानाची बेल दाबावी इतकंच त्यात होतं. चनबसप्पांना त्याचा रागही आला नाही.

मग कल्लप्पा. त्याच्या तळहाताला घाम होता. एक बोट टेकलं आणि तसंच राहिलं. हाच हात धरून त्यांनी त्याला सिद्धेश्वरच्या जत्रेत हिंडवलं होतं, आणि गर्दी वाढली की तो अंगठा घट्ट पकडायचा. एक बोट. बराच वेळ एकच बोट. मग, खूप हळू, दुसरं आलं. कल्लप्पानं हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

हे धरलेलंच होतं, असं चनबसप्पांनी मनाला सांगितलं.

निंगव्वा उठताना कण्हली. बसताना म्हणाली, "आण्णा, तुमचा हात किती हो वाळला!" आणि तोंडानं हे मायेचं बोलत असतानाच खाली उपरण्यात तिची दोन बोटं मंडईत वांगी चाचपावीत तशी पटकन दाबून मोकळी झाली. चनबसप्पांना वाटलं, तिची चूक झाली. त्यांनी तिचा हात सोडला नाही. तिनं पुन्हा दोन दाबली, या वेळी जरा रागानं, आणि हात ओढून घेतला. डोळ्यांतलं पाणी अजून वाळलंही नव्हतं.

मग चंद्रव्वा.

ती दारापासून खाटेपर्यंत आली त्याला उगाचच फार वेळ लागला. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली, आणि तेव्हापासून थोरल्या दिरासमोर तिनं पदर खाली घेतला नव्हता. ते तिच्याशी कधी सरळ बोलले नव्हते. चहा हवा असला तर "चहा मिळेल काय" असं भिंतीला विचारायचे, आणि चहा यायचा. तिचा हात त्यांनी आज पहिल्यांदा हातात घेतला. तो इतका खरखरीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मनगटाजवळ तव्याचा जुना चटका होता, तो बोटाला लागला.

तिनं दोन बोटं ठेवली. घाई केली नाही, लपवलं नाही. त्यांना नीट कळलं आहे याची खात्री होईपर्यंत ती तशीच ठेवली, आणि मग हात काढून ती पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिली.

उपरणं नुसतंच मांडीवर राहिलं. झाकल्या हातानं माणूस खरं बोलतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यावरच तर ते विसंबले होते. फक्त बायका सिद्रामला भितात असं ते धरून चालले होते. त्या खुद्द चनबसप्पांनाच भीत होत्या. सगळेच भीत होते. तोंडावर आजवर जे जे गोड बोललं गेलं ते या भीतीपोटी, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं.

"काय झालं, काका?" सिद्रामनं विचारलं.

दोन शब्दांचं काम होतं: वास्तू राहणार. तपासणार कोण? प्रत्येकाला फक्त स्वतःची बोटं ठाऊक. कल्लप्पाला वाटलं असतं दोघी बायकांनी ठेवलं, निंगव्वाला वाटलं असतं कल्लप्पा बापाच्या वास्तूला जागला. खोटं आरामात पचलं असतं. काचेचं छत राहिलं असतं, बारा खांब राहिले असते, आणि ते स्वतः इथंच, याच खाटेवर मेले असते. शब्द अगदी ओठांवर आला. पण उपरण्याखाली खोटं बोलणाऱ्याला पेठ पुन्हा हात देत नाही, हे ते वयाच्या बाराव्या वर्षी बापाशेजारी बसून शिकले होते, आणि ते मोडायला त्यांची जीभ वळेना.

"विकायची," ते म्हणाले. "तीन विका. दोन ठेवा."

म्हणजे खोटं बोललेच, पण एकाच बोटाचं. चार तोंडांकडं बघून 'ठेवा म्हणणारा मी एकटाच' हे त्यांच्यानं म्हणवलं नाही. घरच्यांना एकमेकांची लाज वाटू नये म्हणून, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं तर लाज त्यांनाच वाटली, एकटं असण्याची.

सिद्रामनं एक सुस्कारा सोडला आणि मग बरं दिसावं म्हणून तोंड गंभीर केलं. त्यानं कप उचलले, नकाशा गुंडाळला. काकांच्या पाया पडला. कल्लप्पाही पडला. निंगव्वानं भावाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि तिघं जिन्यानं खाली निघाली. चंद्रव्वा कप विसळायला मागं राहिली.

त्या चौकाचा एक गुण होता. खालचा आवाज तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ येई. रेवणप्पा गादीवर बसून बत्तीस दुकानांतलं बोलणं ऐकत ते याच्यामुळंच. म्हणून तर खाली व्यापाऱ्यांना उपरण्याची इतकी गरज लागे. पण हे घरच्यांना आता कुठं आठवणार?

"निंगव्वा," खालून कल्लप्पाचा आवाज आला, "तुला म्हणून सांगतो. मी एक बोट दाबलं. माज्यानं दुसरं दाबवलंच न्हाई."

"तू?" निंगव्वा थांबली असावी. "तू कसं दाबशील? मी दाबलं की ते! आण्णा दोन ठेवा म्हनले न्हवं? एक त्यांचं, एक माजं."

"अगं, पण ते दुसरं 'ठेवा' तर माजं हाय."

"शपथ घे आप्पांची."

शपथ कुणीच घेतली नाही. शेवटी सिद्राम म्हणाला, "जाऊ द्या ना आत्या, झालं ते झालं. चला, वळसंगची गाडी चुकेल तुमची," आणि दिंडीदरवाजा कुरकुरत लागला.

वर चनबसप्पांनी हे सगळं ऐकलं. त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. भाऊ आणि बहीण त्यांच्यासाठी भांडले होते, आणि तरी दोघांपैकी एकही त्यांचं नव्हतं.

चंद्रव्वा कप पुसून फळीवर ठेवत होती. ठेवून झाले. तरी ती गेली नाही. टांगा खाली उभा होता, फकीर घोड्याशी काहीतरी बोलत होता.

"थोरले भावजी," ती म्हणाली. आवाज चिरका आला, कारण तो या माणसासमोर कधी काढलाच नव्हता. "ते बोट माजं न्हाई."

"ठावं हाय मला," चनबसप्पा भिंतीकडं बघून म्हणाले.

"तुमाला ठावं हाय ते मलाबी ठावं हाय. पर खाली ती दोगं भांडली तवा वाटलं, आता मीबी उद्या घरी असंच म्हनंन. म्हनून अदुगर सांगून टाकलं."

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं मान वळवली. "का गं चंद्रव्वा?" ते म्हणाले. आपण तिचं नाव घेतलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "निंगव्वाचं समजतं मला. तिची पोरं मागं लागली असतील. पण तू? अकरा वर्षं माझा डबा केलास."

"डबा सगळ्यांचाच करते की, भावजी." ती हे दुखवायला म्हणाली नव्हती. "सकाळी बावीस भाकऱ्या थापते. त्यातल्या दोन तुमच्या. सूनबाई सांगत्यात तसं भरते. तुमचं म्हनून कायबी येगळं न्हाई."

तिनं पदर थोडा मागं सारला. आतला चेहरा त्यांना अनोळखी होता. त्यांनी जिला पाहिलं होतं ती सोळा वर्षांची होती.

"आणि आज पैल्यांदा कुणीतरी मला इचारलं," ती म्हणाली. "ह्या घरात एक्केचाळीस वर्सं झाली. भाजी कुठली करू हेबी मी दुसऱ्याला इचारते. आज तुमी हात पुढं केला आन् म्हनला, सांग. मग खोटं कशी सांगू? तुमची वास्तू लई चांगली हाय, भावजी. पर मी हितं फकस्त जिना झाडलाय."

उत्तरेच्या काचांतून येणारा उजेड मंद होऊ लागला होता, आणि चौकातले खांब खालून वर काळे होत चालले होते. रागावून बघावं म्हटलं तर राग सापडेना.

"मग वाटा मिळाला की काय करशील?" त्यांनी विचारलं.

त्यांना वाटलं ती लाजेल, काही नाही म्हणेल. ती सरळ उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. दोन खोल्या घ्यायच्या होत्या, दमाणीनगरकडं. एक बघूनही ठेवली होती, लांबून. नळ आत होता. मोरीला दार होतं. खिडकीत तुळस मावेल एवढी जागा होती. सकाळी उशिरा उठायचं. दोन भाकऱ्या करायच्या, फार तर तीन. दाराला आतून कडी लावायची आणि कुणी हाक मारली तर आधी कोण आहे ते विचारायचं, मग वाटलं तर उघडायचं. ती बोलत होती आणि तिचे हात हवेत खोल्या आखत होते, इथं चूल, इथं अंथरूण, इथं पाण्याची घागर.

चनबसप्पा लक्ष देऊन ऐकत होते. तिची चूल झाली, अंथरूण झालं, घागर झाली, तरी ते वाट बघत राहिले. त्या दोन खोल्यांत त्यांना बसायला पाटसुद्धा कुठं नव्हता, आणि तो असावा असं त्यांनी एक्केचाळीस वर्षांत काही केलंही नव्हतं.